उपयोग अज्ञात

अक्षराला दोन रुपये ठरले.
जोडाक्षर एकच धरायचं, काना-मात्रा फुकट,
असं साहेबांनी कागदावर लिहून दिलं
आणि मी दोनशे बारा पाट्या रंगवायला बसलो
संग्रहालयाच्या मागच्या खोलीत,
जिथं पूर्वी रेशनचं रॉकेल मिळायचं.
दमट दिवशी भिंत अजून वास सोडते.

फ्लेक्स आल्यापासून माझा ब्रश बसून होता.
त्याआधी बाजारपेठेतली निम्मी दुकानं,
दोन टॉकीज, ट्रॅक्टरांच्या ट्रॉल्या, दवाखान्याची वेळ
माझ्याच हातची.
आता लिहीत होतो:
शंखाची बांगडी, तुटलेली.
मणी, अकीक, अठ्ठावीस नग.
हाली शिक्का.
पायली, लाकडी, तळ नाही.
सतीचा दगड,
आणि त्याखाली मोकळी जागा,
कारण तिचं नाव कुणी टिपलेलंच नाही.

बरंचसं आलं ते पांढरीतून.
तेरणेच्या कडेची टेकडी, गावाआधीचं गाव.
आमच्या पणज्यांनी तिची माती गाढवांवर लादून आणली
माळवदावर अंथरायला. गळत नाही म्हणतात.
त्यामुळे जुन्या आळीतली माणसं अजून
त्या गावाच्या खाली झोपतात.
पन्हाळीतून मधूनच एखादा मणी पडतो.
लहानपणी आम्ही सौदा करायचो,
एका काचेच्या गोटीला तीन मणी.
तेव्हा तोच भाव होता, आणि गोटीवाला
आपण फसलो म्हणून रडायचा.

एकशे सदतीस नंबर:
मुठीएवढी भाजकी वस्तू,
एका अंगाला खरखरीत, रेघांवर रेघा ओढलेल्या.
यादीत पुढे लिहिलेलं, उपयोग अज्ञात.
उ, प, यो, ग, अ, ज्ञा, त.
सात अक्षरं. चौदा रुपये.
'ज्ञा'चा पाय मी जरा लांबवला, बरा दिसावा म्हणून.

सोजरबाई झाडू घेऊन आत आली.
"काय लिवलालाव, पेंटर?"
वाचून दाखवलं.
तिनं ट्रेमधून ती उचलली. हात लावायचा नसतो, तरी उचलली.
पालथी केली, अंगठा फिरवला
आणि खाली बसून हसायलाच लागली.
"अज्ञात कशाचं! वज्री हाय की ही."
चप्पल काढून टाच दाखवली मला,
भेगांत फरशीचं फिनेल मुरलेलं.
"माझी पितळंची हाय. आईची अशीच होती, मातीची.
आन् ह्ये बघा, ही कड जास्ती झिजली.
डावरी होती बाई."

ती गेल्यावर मी उजव्या हातात धरून पाहिली. बसेना.
डाव्यात धरली.
अंगठ्याला खळगा होता, अगदी मापाचा.
मी लगेच ट्रेमध्ये ठेवून दिली,
कुणाच्या न्हाणीत पाय पडल्यासारखं झालं.

साहेब म्हणाले, असेलही.
पण विद्यापीठातून तज्ज्ञांचं पत्र येईस्तोवर
यादीत आहे तेच लिहा.
बाईंचं म्हणणं मी कुठल्या रकान्यात टाकू?
व, ज्री. दोन अक्षरं, चार रुपये.
धंद्याच्या हिशेबानं साहेबच बरोबर होते.

पाटी तशीच लागली.
उद्घाटनाला मंत्री आलेच नाहीत,
नारळ सभापतींनी फोडला, तोही तिसऱ्या फटक्याला.
शाळेची पोरं रांगेनं येतात,
तलवारीपाशी खोळंबतात, बाकी सगळं चालत चालत बघतात.
सोजरबाई सगळ्या काचांवरून एकदा फडकं मारते,
एकशे सदतीसवरून दोनदा.
कुणी विचारलं तर सांगते.
विचारत नाही फारसं कुणी.

पाटीच्या मागं, भिंतीकडं तोंड करून,
मी बारीक ब्रशनं लिहून ठेवलंय:
वज्री. बाई डावरी.
मोजली तर सातच भरली.
बिलात लावली नाहीत.